कोऱ्या लाकडाची गिटार

१९ जानेवारी, रविवार

फिजिओवाल्या बाईनं सांगतलं, काका, उजव्या हातानं रोज एक पान लिहीत जा. काय लिहू, म्हटलं. म्हणे काहीही लिहा, कोणी तपासणार नाही. मंग आपल्या बोलीतच लिहितो. मेहकर डेपोत जन्मभर कंडक्टरकी केली, साहेबासाठी शुद्ध भाषेत रिपोर्ट लिहिले. आता बस झालं.

पेन फडक्यानं बोटायले बांधून घेतला. अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरला. हात दुखला. बंद.

२१ जानेवारी, मंगळवार

नाव लिहायचं राह्यलं. मी सहदेव वानखडे, राहणार जानेफळ. ऑगस्टात लकवा मारला, उजवं अंग गेलं. पाय परत आला. तोंड वाकडं झालं होतं तेही सरळ झालं, अन्नपूर्णा म्हणते पहिल्यापेक्षा बरं दिसते. बायको म्हणून तिले सगळं माफ आहे. उजवा पंजा मात्र काही आला नाही. बोटं आहेत, पण सांगतलेलं ऐकत नाहीत.

मी उत्तमरावच्या भीमगीत पार्टीत बेंजो वाजवत होतो. डाव्या हातानं बटनं दाबायची अन् उजव्या हातानं तारेवर पट्टी अशी फिरवायची की दिसू नये, नुसता आवाज यावा. आता पट्टी हातात राहतच नाही. दवाखान्यातून आलो अन् दुसऱ्या हप्त्यात बेंजो उचलून पार्टीतल्या प्रसेनजितले देऊन टाकला. घरात ठेवून रोज त्याचं तोंड पाहण्यापेक्षा बरं. त्या दिवशी अन्नपूर्णा जेवली नाही. मी जेवलो. वाजवणं संपलं म्हणून भाकर सोडायची का?

२३ जानेवारी, गुरुवार

खरा घोर पोरीचा आहे. समता माही एकुलती एक. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, पुण्याले कंपनीत सर्किटच्या पट्ट्या तपासायचं काम. माह्या आजारपणात आली ते अजून इथंच. कंपनीनं बिनपगारी रजा देली, पण कंपनी म्हणजे काय मामाचं घर आहे? रोज म्हणतो, जाय. ती म्हणते, "तुमचा हात लाईनीवर आला की जातो."

म्हणजे कधीच नाही. बापाच्या पंजासाठी पोरगी जानेफळात सडणार. हे मले पटत नाही. अन् सकाळी ती चहा घेऊन येते तवा इतकं बरं वाटते, तेही पटत नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाले गेलो नाही. उजव्यानं सलाम होत नाही, डाव्यानं करायची लाज वाटते.

घरी बसलो तर समतानं पुण्याहून आणलेलं एक गाठोडं सोडलं. आतून निघालं लाकूड. मले वाटलं पोळपाट, पण त्याले दोन शिंगं होती. म्हणे, "बाबा, ही इलेक्ट्रिक गिटारीची बॉडी हाये." आतून पोकळ नाही, नुसती जाड फळी. रंग नाही, मान नाही, तारा नाहीत. तिच्यासंगं राहणाऱ्या पोरीनं हौसेनं घेतली अन् कंटाळून टाकून देली, ती हिनं उचलली. मान वेगळी मागवली, तारेखाली बसणारं चुंबक वेगळं. घरीच जुळवणार.

"तुले वाजवता येते का?"

"थोडीशी. शिकीन मंग."

"म्हणजे बाजारात तुरी!"

हसली. "रंग कोणता देशीन?" विचारलं. "निळा. दुसरा कोणता असन?" हे मात्र बरोबर बोलली.

मंग पॉलिश पेपर माह्या हातात देला. "जरा घासून द्या ना बाबा, माह्यं मनगट दुखते." सव्वीस वर्षांची धडधाकट पोरगी अन् मनगट दुखते म्हणते. आताच्या पोरी नाजूक झाल्या, बाप्पा.

२९ जानेवारी, बुधवार

रोज घासून राह्यलो. पेपर लाकडाच्या ठोकळ्याले गुंडाळते अन् ठोकळा माह्या उजव्या पंजाले ओढणीच्या पट्टीनं बांधून देते, कारण बोटं धरत नाहीत. डावा हात लावू देत नाही. म्हणे डाव्यानं घासलं तर लाकडाले उलटे ओरखडे पडतात. मी असं कधी ऐकलं नव्हतं. पण ती डिप्लोमावाली, आपण काय बोलावं.

आवाज कमीजास्त करायच्या गुंड्या बसवायले तिनं दोन भोकं पाडली. काम स्वच्छ आहे पोरीचं. तिले तोंडावर सांगतलं नाही, डोक्यावर बसते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तमराव आला होता. जय भीम केला, चहा घेतला, इकडतिकडच्या गप्पा. मंग गाडी रुळावर आली. जयंतीची प्रॅक्टिस सुरू होणार, तुम्ही या. मी म्हटलं, येऊन काय करू? तर म्हणे, "सहदेवभाऊ, तुम्ही नुसते स्टेजवर बसा. तुमच्यानं शोभा येते. डाव्या हातात खुळखुळा धरा, तो तर हलवता येते ना?"

खुळखुळा! माह्या बेंजोवर ह्या माणसाचं गाणं उभं होतं. जिथं त्याचा सूर पडत होता तिथं मी खालून उचलून धरत होतो, लोकायले समजतही नव्हतं. अन् मले खुळखुळा? मी म्हटलं, "उत्तमराव, पाळण्यातल्या लेकराले द्या तो. मले कोणाची कीव नको. मेलो तरी नको. कीव करून कोणी काही हातात देलं तर फेकून मारीन." तो बिचारा कप अर्धा ठेवून उठला. मनाचा वाईट नाही. पण माहा आवाज चढला तो उतरलाच नाही.

समता दारात उभी होती. आत गेली अन् कितीतरी वेळ त्या लाकडासमोर नुसती बसून होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पोरीचं डोकं फिरलं. एवढी चांगली भोकं पाडली होती, ती भुसा अन् फेविकॉल भरून बुजवून टाकली! म्हणे गुंड्या दुसऱ्या बाजूले पाहिजे. काऊन? तर म्हणे तिकडे हात लागत नाही. अवं, हात लागावा म्हणूनच तर गुंडी असते ना?

मंग मले खुर्चीवर बसवलं, लाकूड माह्या मांडीवर आडवं ठेवलं अन् खालून पेन्सिलनं रेघा मारल्या. "हलू नका बाबा." मी काय टेबल आहो? तर म्हणे हो, घरात नीट टेबल कुठं हाये, तुम्हीच टेबल. मंग माहा उजवा हात उचलून लाकडावर ठेवला, कोपरापासून मनगटापर्यंत, अन् त्याच्याही भोवती रेघ. "हे कायले?" "वजन पाहून राह्यली." शिंप्यानं माप घ्यावं तसं माप घेतलं, अन् म्हणते वजन.

अन्नपूर्णा चुलीपाशी तोंडाले पदर लावून हसत होती. दोघी मायलेकी एकाच माळेच्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज ती पटाशी अन् कानस घेऊन बसली. मागच्या बाजूनं लाकूड दोन ठिकाणी कोरलं, मांडी बसंल असं. समोरून एका कडेले लांबट खळगा केला, बाजेच्या झिजलेल्या दांड्यासारखा नरम उतार. तिथं मनगट टेकवून पाह्यलं तर मस्त टेकते. मी म्हटलं, पोरी, गिटार उभी धरून वाजवतात, मी काय टीव्हीवर पाह्यली नाही का? म्हणे, "ही जरा येगळी हाये."

मनात एक शंका आली. लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माघ पौर्णिमा. विहारात वंदनेले गेलो. मागं बसतो आजकाल, कारण हात जोडतानी उजवा पंजा मुडपलेला राहतो अन् लोक पाहतात. आज पाह्यलं तर दोन्ही तळवे एकमेकाले चिकटले, बोटं सरळ. थंडी कमी झाली म्हणून असंल.

समता बाजूलेच होती. डोळे मिटायच्या ऐवजी माह्या हाताकडंच पाहून राह्यली होती. मी डोळे वटारले, तर तिचेच भरून आलेले. हिले वंदनेत कधी रडू येत नव्हतं. पुण्याची आठवण येत असंल. नोकरीची.

१९ फेब्रुवारी, बुधवार

घासणं संपलं. लाकूड रेशमासारखं झालं, हात फिरवत राहावं वाटते. मी घासलं हे, माह्या ह्या मुडद्या हातानं. आज दोघी निळ्या रंगाचा डबा आणायले मेहकरले गेल्या. उद्या रंग. मंग तारा. मंग झाली गिटार.

अन् झाली की ती जाणार. कालच म्हणाली, "ही झाली ना बाबा, की मी मोकळी." जाय म्हणून मीच मागं लागलो होतो, मंग आज जेवण काऊन गेलं नाही?

घरात एकटा बसलो तर वाटलं, आपणही पोरीसाठी काही करावं. बेंजोच्या पेटीले दर जयंतीच्या आधी मी जवसाच्या तेलाचा हात मारत होतो, आरशासारखी चकाकायची. चटणीवर घ्यायले घाण्यावरचं तेल घरात होतंच. फडकं घेतलं अन् मारला चांगला दोन बाजूनं. लाकडानं तेल असं पेलं की उन्हाळ्यात बैलानं पाणी प्यावं. जेवढं घातलं तेवढं गट्ट. मी घालत गेलो. सोन्यासारखा रंग निघाला. पोरगी खूश होईन.

२० फेब्रुवारी, गुरुवार

घात झाला.

तेल पेलेल्या लाकडावर रंग धरतच नाही. बेंजोच्या पेटीले आधीचं पॉलिश होतं, म्हणून तेल वर राह्यलं. हे कोरं लाकूड, हे आतपर्यंत पेलं. समतानं एका कोपऱ्यात निळा लावून पाह्यला तर त्याचे टिपके टिपके होऊन बाजूले सरकले. लाकूड चिकट झालं. आता ते उन्हात वाळवायचं, थिनरनं पुसायचं, पुन्हा घासायचं.

ती माह्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओसरीत खाली बसली अन् हळूच विचारलं, "बाबा, खरं सांगा. मुद्दाम केलं का?"

मी भडकलो. मी काऊन मुद्दाम करू? बाप आहो का वैरी आहो? नाही नाही ते बोललो. ती उठून गच्चीवर गेली.

लिहून ठेवतो, मुद्दाम नव्हतं. चकाकावं म्हणूनच केलं. पण एवढा राग काऊन आला, हे मात्र मले उमगत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

बॉडी गच्चीवर उन्हात. दर दोन घंट्यानं मी जिना चढून फिरवून येतो, पापडासारखी. आधी जिना चढायले अन्नपूर्णेचा खांदा लागत होता, आज पाह्यलं तर मी एकटाच वर होतो.

समता बोलते, पण मोजकं. संध्याकाळी न राहवून म्हटलं, "बेटा, चुकलं माह्यं." माह्या जवळ येऊन बसली. म्हणे, "राहू द्या बाबा. निळा रंग काय, दुसऱ्यांदा देता येईन. हाच रंग चांगला हाये." मंग डोकं माह्या खांद्यावर टेकवलं, लहानपणी प्रोग्रामहून येतानी जीपमध्ये टेकवत होती तसं. मी खांदा हलू देला नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तिचा फोन ऐकला. चोरून नाही, ती गच्चीवर बोलत होती अन् मी जिन्यात होतो. "सर, सतरा मार्चले नक्की येतो. नाही सर, आता पुढं नाही ढकलत. हो सर, समजलं, मंग जागा राहणार नाही."

म्हणजे हा शेवट. सतरा मार्चले ती पुण्यात पाहिजे, नाही तर नोकरी गेली. खाली येऊन तिनं सांगतलं नाही. मीही विचारलं नाही. तिनं पुन्हा ठोकळा माह्या पंजाले बांधायले घेतला. मी म्हटलं, पट्टी राहू दे, धरतो मी तसाच. धरला. घट्ट नाही, पण धरला.

२ मार्च, रविवार

आज अन्नपूर्णेनं मले पकडलं.

चार दिवस झाले घासून राह्यलो, पण चिकटपणा काही निघत नव्हता. समता म्हणे हाताले ताण देऊ नका, होईन हळूहळू. आज समता दळण आणायले गेली तवा अन्नपूर्णा माह्यासमोर येऊन उभी राह्यली. माह्या हातातला पेपर ओढून घेतला, त्यावर बोट फिरवलं.

"हा तं झिजून गुळगुळीत झाला."

"मंग?"

"मंग काय? नव्या पेपरची चळत तुमच्या मांडीखाली हाये. चार दिवस तुम्ही ह्या मेलेल्या पेपरनं घासून राह्यले. मले दिसत नाही का? पोरीची नोकरी जाईन, समतेचे बाबा. तुमाले ती पाहिजे, मले नको का? मले काय दगडाचं काळीज हाये? मी रोज तिच्या डब्यासाठी चटणी कुटून राह्यली अन् रोज म्हणतो, उद्या कुटू, उद्या कुटू. पण कुटतो."

ती रडली नाही. पेपर चुलीत टाकला अन् भाकरी थापायले बसली.

मी खुर्चीतच बसून राह्यलो. आता ह्या वहीत खोटं लिहून काय करू? तिचं खरं आहे. गिटार झाली नाही तर समता जाणार नाही, हे माह्या हाताले माह्या आधी समजलं होतं. बापानं पोरीच्या पायात पाय घातला. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याले भर रस्त्यात गाडीतून उतरवलं असतं.

४ मार्च, मंगळवार

सकाळपासून नव्या पेपरनं. घाम निघाला. खांदा, कोपर, मनगट, सगळे बोंबलले. बोंबला म्हटलं. दुपारी समता म्हणाली, "पुरे ना बाबा, तुमच्या हाताचा फोड फुटला." मी म्हटलं, फोड आला म्हणजे हात जिता आहे. मेलेल्याले फोड येत नसतात. घास, घास, घास.

संध्याकाळी तिनं लाकडावर गाल टेकवून पाह्यला. चिकटलं नाही. "झालं," म्हणे. मी म्हटलं, "मंग बसव मान. पाहू नको माह्याकडं."

९ मार्च, रविवार

मान बसली. चुंबक बसलं, तारा बसल्या. सोल्डरिंग करतानी तिचा हात पाह्यला, सुई ओवावी तसा. पार्टीचा जुना स्पीकर उत्तमरावकडून मागून आणला. त्यानं लगेच देला, माह्यं बोलणं मनात ठेवलं नाही.

पण एक मोठी चूक केली पोरीनं. तारा मानेपासून अर्धं बोट उंच लावल्या! एवढ्या उंच तारा कोणाचंही बोट दाबू शकत नाही. गिटार वाया गेली. मी तोंड उघडणार होतो, पण तिनं नुसत्या मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला अन् असा गोड आवाज निघाला की साऱ्या तारा एकाच घरच्या. तिचं तोंड इतकं फुललं होतं की मी चूप बसलो. जाऊ दे, पुण्यात कोणी जाणकार भेटला की तोच सांगीन तिले. आपण काऊन तिच्या आनंदात माती कालवा?

१३ मार्च, गुरुवार

सामान बांधणं चालू. उद्या धुळवडीच्या धांदलीत गाड्यांचा भरवसा नाही, म्हणून रविवारी सकाळची गाडी. अन्नपूर्णेनं जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दोन्ही कुटल्या. फिजिओवाली आज माहा पंजा उघडून झाकून पाहत होती. म्हणे, "काका, काय जादू केली? दोन महिन्यात एवढं?" मी म्हटलं काही नाही, पोरीच्या लाकडाले घासत होतो. ती समताकडं पाहून हसली. ह्या बायांचं आपसात काय चालते, माणसाले पत्ता लागत नाही.

समता अजून गिटार पिशवीत भरत नाही. एवढी मोठी वस्तू ऐनवेळी कशी भरशीन म्हटलं, तर म्हणे भरीन.

१६ मार्च, रविवार

सगळं लिहितो. हात दुखला तरी लिहितो.

सकाळी मेहकरच्या स्टँडवर तिले गाडीत बसवून देलं. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्याले सांगतलं, माही पोरगी आहे, खिडकीची सीट दे. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माहा उजवा हात धरला. मी दाबला. तिले समजलं का नाही कोण जाणे. गाडी हलली अन् मी लोकायसमोर ढसाढसा रडलो. अन्नपूर्णाच म्हणत होती, चला, चला, लोक पाहून राह्यले.

घरी आलो. आतल्या खोलीत गेलो तर माह्या बाजेवर चादर अंथरलेली अन् तिच्याखाली उंचवटा. चादर ओढली. गिटार!

एवढी मेहनत करून पोरगी गिटार विसरली! फोन लावला. "अवं बाई, गिटार राह्यली घरीच! उतर, मेहकरले परत ये, मी आणून देतो, कंडक्टरले फोन दे—"

"बाबा."

"काय बाबा? उतर म्हणतो ना!"

"राह्यली नाही बाबा. ठेवली."

मले समजलंच नाही. खरंच समजलं नाही. ती म्हणाली, "खुर्चीवर बसा. आडवी घ्या मांडीवर, तारा वर." घेतली. मागचा कोरलेला भाग माह्या मांड्यायवर असा बसला, जसं आईच्या कडेवर लेकरू. "आता उजवा हात खळग्यात ठेवा." ठेवला. मनगट टेकलं, बोटं बरोबर तारांवर आली. गुंड्या दुसऱ्या बाजूले, हाताले आडव्या येत नव्हत्या. मंग कुठं माह्या डोक्यात उजेड पडला. जी शंका वहीत लिहिली नव्हती, ती खरी निघाली. मी काय टेबल नव्हतो. ती वजन पाहत नव्हती. अन् तारा उंच लावल्या, ती चूक नव्हती.

"उशीखाली लोखंडाची नळी हाये, पिस्टनची पिन. गॅरेजमधून आणली, पॉलिश करून. ती डाव्या हातात धरा, तारांवर टेकवा, दाबू नका, नुसती सरकवा. अन् उजव्या अंगठ्यानं एकच टोला मारा. बेंजोसारखा सारखा हात फिरवा लागत नाही. एक टोला मारला की सूर लांबत जाते."

मी म्हटलं, "हे तू माह्यासाठी केलं? अन् समोर बसून काऊन देलं नाही?"

"समोर देली असती तं फेकून मारली असती तुम्ही. तुम्हीच म्हटलं होतं, उत्तमराव काकाले." मंग हसली. "ही कीव नाही बाबा. तुम्ही स्वतः घासली हाये ही. दोनदा घासली."

स्पीकर लावला. पिन धरली, डावा हात चांगलाच आहे. उजव्या अंगठ्यानं टोला मारला. पहिला हुकला. दुसरा तारेवर बसला अन् सूर निघाला. पिन सरकवली तर सूर वर चढत गेला, माणसानं गळ्यातून काढावा तसा, बेंजोतून मले कधी काढता आला नव्हता तसा. मी घाबरून हात काढला. मंग पुन्हा ठेवला.

विहारातल्या वंदनेची चाल धरली. सावकाश. इतकी सावकाश की मधे चहा पिऊन यावं. दोन जागा चुकल्या. पण सूर सुटले नाहीत, एकाच्या हातात दुसरा हात देत गेले. संपलं तवा फोनवर नुसती गाडीची घरघर. मले वाटलं रेंज गेली.

"समता? आहे का? कसं वाटलं?"

नाक ओढल्याचा आवाज आला. मंग म्हणाली, "तिसरी तार उतरली हाये बाबा. चढवा अन् परत वाजवा."

"बापाले शिकवते!"

"वाजवा ना."

तार चढवली. ते काम उजव्या हातानंच केलं, खुंटी धरून. परत वाजवलं. मंग परत. सिंदखेडराजा गेलं, तिनं सांगतलं. जालना आलं, तेही सांगतलं. फोन मात्र ठेवला नाही. अन्नपूर्णा दाराच्या चौकटीले टेकून खाली बसली होती, हातात पळी तशीच. स्वयंपाकघरातून भाजी करपल्याचा वास आला, चांगला घरभर झाला. ती काही उठली नाही, अन् मीही उठ म्हटलं नाही.